गोठ्यातली मोटार

सुर्जीच्या माणिकबाई मोटार चालवतात, हे अंजनगावच्या बाजारात आधी कोणाला खरं वाटलं नाही. लोक म्हणत, चालवत असेल पुंजाराम, ती शेजारी बसत असेल. मग एका बाजाराच्या दिवशी ती लांबोडकी काळी मोटार नदीपलीकडून आली. स्टिअरिंगमागे लुगड्याचा पदर घट्ट खोचून माणिकबाई बसल्या होत्या, आणि शेजारी पानांची टोपली मांडीवर घेऊन त्यांचे यजमान पुंजाराम. ते सगळ्या बाजारानं पाहिलं.

पुंजारामला त्याचं काही वाटत नसे. कोणी विचारलं तर तो हसून सांगे, "मले नाही जमलं, तिले जमलं. म्या पहिल्याच दिवशी पानमळ्याच्या कुंपनात घातली गाडी. हे म्हने, उतरा, आता मी पाहते."

मोटार अमेरिकन होती, लढाईच्याही आधीची. कापसाच्या धंद्यातल्या एका साहेबानं ती अमरावतीला आणली होती. साहेब देश सोडून गेला आणि मोटार एका जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाशेजारी पडून राहिली. टायर गेले, गाद्या उंदरांनी नेल्या, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. पुंजारामनं ती लिलावात उचलली तेव्हा बैल जुंपून ओढत न्यावी लागली. नेली ती सरळ वलगाव रोडवर, देवमनच्या वर्कशॉपमध्ये.

देवमन लढाईत लष्करी कारखान्यात मिस्त्री होता. बर्माच्या बाजूला त्यानं चिखलात उताणं पडून ट्रका दुरुस्त केल्या होत्या. परत आल्यावर अमरावतीत त्यानं स्वतःचं वर्कशॉप टाकलं: पत्र्याचं छप्पर, मधोमध गाडीखाली उतरायला खड्डा आणि भिंतीवर आकारानं ओळीत टांगलेले पाने. बोलायला तो रोखठोक होता आणि स्वतःच्या कामाबद्दल तर फारच. "माह्या हातून गेलेली गाडी रस्त्यात उभी राहत नाही," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे, आणि ते बहुतेक खरं असे.

ही मोटार त्यानं उन्हाळाभर खपून बांधली. इंजिन सोडवलं, गिअरबॉक्स सोडवला, मिळाले ते भाग मुंबईहून मागवले, मिळाले नाहीत ते स्वतः घडवले. मागची सीट काढून तिथे सागाच्या फळ्या ठोकल्या, कारण पुंजारामला मोटार मिरवायला नको होती, पानं न्यायला हवी होती. खाऊचं पान तोडल्यावर थांबत नाही. एस.टी.च्या टपावर उन्हात तापलेली टोपली अकोल्याला पोचेपर्यंत वरची निम्मी पानं काळवंडत. मोटारीत सावली होती, आणि सकाळी तोडलेलं पान दुपारच्या आत अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात जात होतं.

दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. मग एक दिवस अकोल्याच्या पानांच्या व्यापाऱ्यानं टोपलीतून एक पान उचललं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं.

"बाई," तो म्हणाला, "हे पान खायाचं हाय का मोटारीत घालाचं?"

माणिकबाईंनी पान हुंगलं. गिअरबॉक्सच्या तेलाचा गंधकासारखा उग्र वास होता. दुसरी टोपली उघडली, तिलाही तोच. व्यापाऱ्यानं एकही टोपली घेतली नाही. माणिकबाई त्याच्याशी भांडल्या नाहीत, कारण त्यांनीही ते पान तोंडात घातलं नसतं. घरी येऊन त्यांनी मोटारीच्या फळ्या उचलून पाहिल्या. खालची बाजू तेलानं चिकट झाली होती. गोठ्यात, जिथे मोटार उभी राहत असे, तिथे जमिनीवर हातभर काळा डाग पडला होता.

दुसऱ्या दिवशी त्या मोटार घेऊन वलगाव रोडला गेल्या.

"मिस्त्री, गाडी गळते."

देवमननं हातातलं काम खाली ठेवलं. "माह्या हातची गाडी गळत नाही, बाई."

"मंग खाली काय माह्या घामाचे डाग हायेत? पाहा तरी."

त्यानं पाहिलं. गिअरबॉक्सचा मागचा भाग ओला होता हे खरं. पण तेल एका जागेवरून सुटलं की वाऱ्यानं मागे पसरतं. ओलं दिसतं तिथूनच गळतं असं नसतं. त्यानं रॉकेलनं सगळं खालचं अंग पुसून काढलं, वरच्या झाकणाचं पॅकिंग जरा दबलेलं वाटलं ते नवीन घातलं, बोल्ट एकेक करून आवळले, तेल बरोबर मापात भरलं. "झालं," तो म्हणाला. "आता एक थेंब पडला तर मले सांगा."

चार थेंब पडले, मग डाग पुन्हा हातभर झाला. माणिकबाई पुन्हा गेल्या.

या वेळी देवमननं त्यांच्यासमोरच गाडी वलगावपर्यंत पळवून आणली. खड्ड्यावर उभी केली, खाली उतरून कंदील धरून पाहिलं. कोरडं. गाडी ठेवून जा म्हणाला. रात्रभर खाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली. माणिकबाई अमरावतीतच मामाकडे मुक्कामाला राहिल्या आणि सकाळी आल्या तेव्हा देवमननं ते कागद त्यांच्या हातात दिले. एकाही कागदावर ठिपका नव्हता.

"आता बोला," तो म्हणाला.

"मी काय बोलू? घरी नेली का गळते."

"घरी नेली का काहून गळन? गाडी तीच, तेल तेच."

"ते तुमी सांगाचं, मिस्त्री. गाडी तुमी बांधली." माणिकबाईंनी कागदांची घडी करून परत त्याच्या हातात दिली. "तुमच्या घरी गळत नाही, माह्या घरी गळते. मंग तुमीच माह्या घरी या."

वर्कशॉपमधले दोघे कारागीर मान खाली घालून हसले. देवमनला ते दिसलं. त्यानं हत्यारांची पेटी उचलली आणि मोटारीत ठेवली.

"चाला," तो म्हणाला.

वाटेत दर्यापूरपर्यंत तो खाली कान देऊन गिअरबॉक्सचा आवाज ऐकत बसला. आवाज चांगला होता. त्याला आतून खात्री होती की सुर्जीला गेल्यावर काहीतरी फालतू निघेल, कोणीतरी तेलाचा डबा लवंडला असेल, आणि आपण दुपारच्या एस.टी.नं परत येऊ.

पुंजारामचं घर गावाच्या कडेला होतं. पुढे मोठं अंगण, बाजूला गोठा. बैल पानमळ्याजवळच्या नव्या गोठ्यात गेल्यापासून हा गोठा मोकळाच होता, तिथे मोटार राहत असे. देवमननं गोठ्यात डोकावून डाग पाहिला, पण आत अंधार होता. "गाडी अंगणात घ्या," तो म्हणाला. "उजेड पायजे."

अंगणात त्यानं मोटारीखाली गोणपाट टाकलं आणि पुन्हा सगळं अंग पुसून कोरडं केलं. मग बाहेर येऊन माणिकबाईंना म्हणाला, "घरात रांगोळी हाय?"

"रांगोळी?"

"पांढरी पूड पायजे, कोरडी. तेलाचा थेंब निघाला का तिच्यावर लगेच काळी रेघ पडते. निघाला कुठून ते दिसते."

माणिकबाईंच्या सासू, गोदाबाई, ओट्यावर बसून हे ऐकत होत्या. रांगोळी मोटारीच्या पोटाला लावायची हे त्यांना पटलं नाही. "उंबरठ्याची रांगोय ते, तिले कायले तेलात घालता?" असं त्या म्हणाल्या, पण डबा सुनेच्या हातात दिला. थोड्या वेळानं त्यांनी एका मातीच्या गाडग्यात पाणी आणून अंगणाच्या कडेला, देवमनपासून जरा लांब ठेवलं.

देवमननं गाडग्याकडे पाहिलं. चार-पाच वर्षांपूर्वी तो नागपूरला दीक्षा घेऊन आला होता आणि तेव्हापासून त्यानं एक गोष्ट पक्की केली होती. वेगळ्या भांड्यातलं पाणी प्यायचं नाही. त्यावरून भांडायचंही नाही, पण प्यायचं नाही. तो उठला, गाडगं उचललं, त्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि गाडगं जागेवर ठेवलं.

"हे हात धुयाले कामी आलं, आई," तो म्हणाला. "प्याचं पानी माह्यापाशी हाय." त्यानं पेटीतून लष्करी बाटली काढली आणि दोन घोट घेतले.

माणिकबाईंनी हे सगळं पाहिलं होतं.

रांगोळी मारून झाल्यावर देवमननं इंजिन चालू करायला लावलं, जागेवरच गिअर टाकून चाकं वर उचलून फिरवली, बंद केलं, थांबला. दुपार झाली. मोटारीचं पोट पांढरं ते पांढरंच राहिलं. पुंजाराम दर थोड्या वेळानं वाकून पाही आणि "कोरडं हाय बाप्पा" असं सांगे.

"मी म्हनलं नव्हतं?" देवमन अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

माणिकबाईंनी मोटार सुरू केली आणि नेहमीसारखी गोठ्यात नेऊन उभी केली. "ठीक हाय," त्या म्हणाल्या. "सकाळी या."

देवमनचा आतेभाऊ नदीपलीकडे, अंजनगावच्या बौद्धपुऱ्यात राहत होता. देवमन रात्री तिकडे गेला आणि जेवताना त्यानं भावाला सगळी हकीकत रंगवून सांगितली. उद्या पहिल्या एस.टी.नं अमरावती गाठतो, असंही म्हणाला.

सकाळी तो आला तेव्हा माणिकबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आत बोट दाखवलं. देवमन मोटारीखाली सरकला. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथून मागच्या चाकांकडे जाणारी शाफ्ट बाहेर निघते, तिथे पांढऱ्या रांगोळीत एक काळी, ओली रेघ पडली होती. तिच्या टोकाशी थेंब लटकत होता. तो पाहत असतानाच थेंब सुटला आणि त्याच्या गालावर पडला.

गालावरचं तेल न पुसताच तो तसाच पडून राहिला. अंगणात दिवसभर कोरडी राहिलेली गाडी इथे रात्रीत गळली. रस्त्यावर गळली नाही, वर्कशॉपमध्ये गळली नाही, अंगणात गळली नाही. मग या गोठ्यात असं काय आहे?

"बाई," तो आतूनच म्हणाला, "तांब्याभर पानी आना आन माह्या डोक्यापाशी जमिनीवर ओता."

माणिकबाईंनी पाणी ओतलं. ते मोटारीच्या पुढच्या चाकांपासून निघालं, देवमनच्या खांद्याला लागून वाहत मागे गेलं आणि गोठ्याच्या मागच्या नालीत पडलं.

देवमन बाहेर आला. पाठ भिजली होती, पण त्याच्या चेहऱ्यावर आता काल दुपारची ऐट नव्हती, दुसरंच काहीतरी होतं. माणिकबाईंना ते जास्त बरं वाटलं.

"गोठा हाय ना हा," तो म्हणाला. "गव्हानीकडं उंच, नालीकडं उतार. गुरांचं मूत वाहून जावं म्हनून. तुमी गाडी तोंड आत करून लावता. तोंड वर, ढुंगन खाली. आतलं सगळं तेल मागच्या टोकाले जाऊन जमते. सपाट जमिनीवर ते त्या टोकापर्यंत चढतच नाही."

"आन सकाळी मी गाडी काढली," माणिकबाई सावकाश म्हणाल्या, "का ते बाहेर आलेलं तेल फिरत्या शाफ्टनं वर उडते. फळ्याईच्या फटीतून पानावर."

"बरोबर."

पुंजारामला फार आनंद झाला. "हे तर सोपं झालं! उद्यापासून गाडी उलटी लावू. तोंड बाहेर. का मिस्त्री?"

पुंजारामचं म्हणणं खरं होतं. मोटार उलटी लावली असती तर डाग बंद झाला असता, पानांचा वास गेला असता, आणि तो दुपारच्या एस.टी.नं मान ताठ ठेवून घरी गेला असता. पण शाफ्ट जिथून बाहेर येते तिथे चामड्याचं एक कडं बसवलेलं असतं, सील म्हणतात त्याला. आतलं तेल आत ठेवणं एवढंच त्याचं काम. ते कडं नीट असेल तर तेल टोकाशी जमो की न जमो, थेंब बाहेर येता कामा नये. उतारानं गळती लावली नव्हती. उतारानं ती उघडी पाडली होती. आणि ते कडं त्यानं स्वतःच्या हातानं बसवलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "उलटी लावून चालनार नाही. चिखलदऱ्याच्या घाटात चढली तर काय उलटी चढवाल? खोलावं लागन."

"खोला मंग," माणिकबाई म्हणाल्या, आणि घरात गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात घरातला पितळी गिलास होता, देव्हाऱ्याजवळच्या तांब्याच्या घागरीतलं पाणी भरलेला. तो त्यांनी देवमनच्या हातात दिला. देवमननं गिलासाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि एका दमात पाणी पिऊन टाकलं.

"अजून द्या," तो म्हणाला. "सकाळपासून तहान लागली हाय."

अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे पुंजारामचे चुलते नत्थुजी दात घासत होते. त्यांनी चूळ टाकली आणि हाक मारली, "सूनबाई, घरात गिलास उरले नाहीत का दुसरे?"

माणिकबाईंनी पदर डोक्यावरून सारखा केला, पण आवाज खाली आणला नाही. "उरले हायेत, काकाजी. पन हा मोठा हाय. मिस्त्रीले तहान जास्त हाय."

"लोक काय म्हनतीन?"

"मागच्या महिन्यात तुमी याच गाडीत बसून आकोटले लगनाले गेलते. तवा कोनी काय म्हनलं? हे गाडी याईनंच बांधली, याच हातानं. सीटवर बसाले चालते आन गिलासाले हात लागला तर चालत नाही, हे मले नाही समजत."

नत्थुजी आत गेले. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी पुतण्याच्या घरी चहा घेतला नाही. माणिकबाईंनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

गोठ्यात देवमननं मोटार जॅकवर घेतली, तेल काढून डब्यात धरलं आणि शाफ्ट सोडवली. सील उपसून उजेडात धरलं. चामडं ठीक होतं, थोडं कडक झालेलं. मग त्यानं शाफ्टचा तो तुकडा घेतला ज्याच्यावर हे चामडं घासतं, आणि त्याच्या गुळगुळीत अंगावरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका जागी नख अडकलं.

त्यानं तो तुकडा माणिकबाईंसमोर धरला. "नख फिरवून पाहा."

त्यांनी फिरवलं. "खाच हाय."

"साहेबाच्या काळातलं जुनं सील इथंच घासत होतं. इतकी वर्षं घासून लोखंडाले खाच पडली. म्या बांधताना पाहिली होती." पुंजाराम ऐकत होता, ओट्यावरच्या गोदाबाईही ऐकत होत्या. "पाहिली होती. नवीन तुकडा मिळत नव्हता. म्या काचकागद मारून घासली, हाताले लागेनाशी झाली, म्हनलं चालते. चामडं नवं, मऊ होतं तवर चाललं, कडक झाल्यावर नाही. चूक माही हाय, बाई. गोठ्याची नाही."

वर्कशॉपमधून निघाल्यापासून माणिकबाईंनी मनात बरंच काही साठवून ठेवलं होतं. या माणसाला ऐकवायचंच, असं ठरवलं होतं. आता ते सगळं निकामी झालं.

"मंग आता?" त्यांनी विचारलं. "तुकडा तर आताही मिळत नसन."

"नाही मिळत. पन खाच एवढीशीच हाय, करंगळीच्या नखाएवढी रुंद. तिच्या बाजूचं लोखंड कोरं हाय." देवमनचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "सील थोडं बाहेर बसवायचं. मागं पत्र्याच्या चकत्या घालायच्या, म्हंजे ते पहिल्या जागी जानारच नाही. नव्या जागेवर घासन. पत्रा हाय का घरात?"

पुंजारामनं तुपाचा रिकामा डबा आणला. चकत्या कापायचं काम त्यानंच घेतलं. मोटारीचं स्टिअरिंग त्याच्या हातात कधी बसलं नव्हतं, पण कात्री बसत होती. पानांच्या टोपल्या बांधायच्या वेताच्या कामट्याही तोच काढत असे. त्यानं मोजून, घासून, कडा बोथट करून चकत्या दिल्या. देवमननं त्या बसवून पाहिल्या आणि दुसरं काही न म्हणता "आनखी एक द्या" म्हणाला. पुंजारामला ती शाबासकीच वाटली.

नवीन चामडं पेटीत होतं, पण कोरडं बसवलं तर ते पहिल्याच फेरीत जळतं. ते कोमट तेलात मुरवायला हवं होतं. "एरंडीचं तेल असलं तर बरं," देवमन म्हणाला.

गोदाबाई उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चुलीवर एका वाटीत एरंडीचं तेल कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं आणि वाटी पदरात धरून गोठ्यापर्यंत आणली. "लेकराच्या पोटाले चोयतो तेवढं गरम हाय," त्या म्हणाल्या. "चालन?"

"एकदम बरोबर," देवमन म्हणाला, आणि चामड्याचं कडं त्यांच्या वाटीत सोडलं.

दुपारचं जेवण झुणका-भाकरीचं होतं. माणिकबाईंनी ताटं ओट्यावर मांडली, पुंजारामच्या शेजारी देवमनचं. गोदाबाई आत गेल्या आणि जेवणं होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. देवमनलाही ते दिसलं. तो पोटभर जेवला.

संध्याकाळच्या आत सील बसलं, शाफ्ट चढली, तेल मापात भरलं. देवमननं पुन्हा सगळं पुसलं, पुन्हा रांगोळी मारली आणि स्वतः माणिकबाईंना सांगितलं, "गोठ्यातच लावा. तोंड आत. जशी लावता तशीच."

"आन गळली तर?"

"तर मी तुमच्या पानमळ्यात पानी द्याले राहीन."

सकाळी तिघंही गोठ्यात वाकून पाहत होते. शाफ्टच्या तोंडाशी रांगोळी जशी मारली तशी होती. देवमननं हात लावून पाहिलं. बोट पांढरं निघालं. माणिकबाईंनीही हात लावून पाहिलं. मग त्या उठल्या आणि पुंजारामला म्हणाल्या, "टोपल्या भरा. अकोल्याले जाऊ."

देवमनही अकोल्यापर्यंत सोबत निघाला. तिथून रेल्वेनं अमरावतीजवळचं बडनेरा गाठणं सोपं. शिवाय त्याला सील चालत्या गाडीत कसं वागतं ते पाहायचं होतं. तो मागे, फळ्यांवर, पानांच्या टोपल्यांमध्ये बसला आणि आकोट जाईपर्यंत दर थोड्या वेळानं फटीला नाक लावून वास घेत राहिला. पुढून माणिकबाईंनी विचारलं, "काय येते?"

"पानाचा वास येते."

अकोल्याच्या बाजारात व्यापाऱ्यानं टोपली उघडली, वरचं पान उचललं, दोन बोटांत चोळून पाहिलं आणि टोपली आत लावायला सांगितली. दुसरी आत गेली, तिसरीही गेली. माणिकबाई वाट पाहत होत्या.

"हुंगून पाहा ना," शेवटी त्या म्हणाल्या.

"कायले? पान चांगलं हाय."

"मंग त्या दिवशी काहून हुंगलं?"

"त्या दिवशी दुरूनच वास आलता, बाई," व्यापारी म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माणिकबाईंना थोडी चुटपुट लागली. एवढं सगळं करून कोणी नाक तरी लावायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

स्टेशनवर देवमन उतरला तेव्हा त्यांनी त्याला केळीच्या पानात बांधलेली कोवळी पानं दिली. "घरी द्या," त्या म्हणाल्या. "आन मिस्त्री, एक सांगा. ते सील पुन्हा झिजलं तर मले बसवता येईन?"

देवमननं पानं पेटीत ठेवली. "चकत्या पुंजारामभाऊ कापतीन. बसवाले या वर्कशॉपले, एकदा माह्यासमोर बसवा. मंग येईन."

"येते," त्या म्हणाल्या, आणि आकोटच्या रस्त्याला लागल्या.

घरी देवमननं पान लावलं, बायकोला दिलं आणि सगळं सांगितलं. त्याची बायको मैना पान चघळत ऐकत होती. चूक कोणाची निघाली, एवढंच तिनं विचारलं.

"माही."

"मंग बाकीच्या गाड्या?"

देवमननं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं आणखी दोन जुन्या गाड्या बांधल्या होत्या. दोन्हींच्या शाफ्टला तशीच खाच होती, आणि दोन्ही त्यानं तशाच घासून, चालते म्हणून, दिल्या होत्या. रेल्वेत बसल्यापासून तोही तेच आठवत होता, पण मैना बोलेपर्यंत त्यानं ते स्वतःशी नीट कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेटी सायकलला बांधून तो त्यातल्या एका गाडीच्या मालकाकडे, लाकडाच्या वखारीत गेला आणि गळते म्हणून गाडी खोलायची आहे म्हणाला. वखारीचे मालक चकित झाले. "अरे, पन माही गाडी कुठी गळते?"

"गळत नाही, कारन तुमची जमीन सपाट हाय."

"मंग गळत नाही तर खोलतं काहून?"

"शेठ, उन्हाळ्यात चिखलदऱ्याले जाल तवा गळन."

"मागच्याच उन्हाळ्यात गेलो होतो."

"मंग गळली असन. तुमी पाहिली नसन."

मालकांनी मागे वळून आपल्या ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर मान खाजवत म्हणाला, "थोडं तेल दिसलं होतं, शेठ. मले वाटलं, शेजारच्या गाडीचं."

मालक पुढे काही विचारणार, तोवर देवमन गोणपाट टाकून गाडीखाली गेला होता आणि आतून हात बाहेर काढून पाना मागत होता.